स्वमग्न मुलांवरील वर्तनोपचार : चाळीस तासांचे गणित

दि. २२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी व्हाइट हाउसमध्ये पत्रकारांपुढे येऊन गर्भवती स्त्रियांनी पॅरासिटामॉल टाळावे, कारण त्याचा संबंध मुलांमधील स्वमग्नतेशी, म्हणजे ऑटिझमशी, आहे असे जाहीर केले. दोनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने असा संबंध दाखविणारा निर्णायक पुरावा उपलब्ध नसल्याचे स्पष्ट केले. परंतु तोवर बातमी जगभर पोहोचली होती. आपल्याकडे क्रोसिन या नावाने घराघरांत ठाऊक असलेली ही गोळी गरोदरपणी तापात घेतलेल्या आणि आता घरात स्वमग्न मूल असलेल्या मातेच्या मनावर त्या दिवशी किती मोठा घाव बसला असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

मातेला दोष देण्याची ही पहिली वेळ नव्हे. बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध करून या अवस्थेचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतरची दोन-अडीच दशके आईच्या थंड, मायाहीन वागण्यामुळे मूल स्वतःत मिटून जाते, असे तज्ज्ञ म्हणविणारे लोक ठामपणे सांगत होते. शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली हाच विचार एका गाजलेल्या ग्रंथातून लोकप्रिय केला. वस्तुतः त्याआधी तीन वर्षे, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड यांनी या मताचे सप्रमाण खंडन करून स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या घडणीत आहे असे दाखवून दिले होते. रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होतेच, पण एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते. आज आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, एकच एक कारण नाही आणि आईबापांच्या वागण्याचा यात दोष नाही, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद उरलेले नाहीत.

कारणांविषयीच्या या गदारोळात एक प्रश्न मागे पडतो, आणि आमच्या मते घरातील माणसांच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. तीन वर्षांचे मूल बोलत नाही, हाकेला वळून पाहत नाही, चाकाच्या फिरण्याकडे तासन्‌तास पाहत बसते. आता काय करावे? डॉक्टरांकडून निदान ऐकून बाहेर पडताच आईवडिलांच्या कानावर येणारे पहिले नाव बहुधा ‘एबीए थेरपी’ हे असते. आपल्या भाषेत तिला उपयोजित वर्तन विश्लेषण म्हणता येईल. त्यापाठोपाठ एक आकडाही येतो : आठवड्याला चाळीस तास. हा आकडा कोठून आला आणि त्याचे आज काय झाले आहे, हे आपण समजून घेतले पाहिजे.

या उपचाराचे जनक ओले इव्हार लोवास हे नॉर्वेत जन्मलेले मानसशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात काम करीत. त्या काळी अशा मुलांना कायमचे संस्थेत ठेवणे हाच शिरस्ता होता. लोवास यांनी सांगितले की, कारण काहीही असो, हे मूल शिकू शकते. त्यांची रीत साधी होती. मोठे काम लहान लहान पायऱ्यांत तोडायचे. टेबलावर पेला ठेवून ‘दे’ म्हणायचे. मूल काही करीत नसेल तर त्याचा हात धरून पेला उचलवायचा आणि तत्क्षणी त्याला आवडती वस्तू किंवा शाबासकी द्यायची. हळूहळू हाताचा आधार कमी करीत न्यायचा. अशी शेकडो आवर्तने. ज्या वर्तनानंतर काही चांगले हाती लागते ते वर्तन वाढते, हा बी. एफ. स्किनर यांचा सिद्धांत येथे मुलाच्या शिक्षणाला लावला गेला.

१९८७ साली लोवास यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकोणीस लहान मुलांना दोन किंवा अधिक वर्षे आठवड्याला चाळीस तास असे शिक्षण मिळाले. त्यांपैकी नऊ मुले, म्हणजे ४७ टक्के, सर्वसाधारण बुद्ध्यंकापर्यंत पोहोचून सामान्य शाळेची पहिली इयत्ता उत्तीर्ण झाली. तुलनेसाठी घेतलेल्या चाळीस मुलांत हे यश अवघे दोन टक्के होते. निराशेच्या अंधारात चाचपडणाऱ्या पालकांना हा आकडा म्हणजे उगवता सूर्यच वाटला असल्यास नवल नाही. त्या एका निबंधावर पुढे अमेरिकेत न्यायालयीन लढे झाले, विमा कायदे झाले आणि एक मोठा व्यवसाय उभा राहिला.

परंतु त्या निबंधाच्या दोन गोष्टी जाहिरातीत येत नाहीत. पहिली अशी की, कोणते मूल कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरविले नव्हते. शिक्षक किती उपलब्ध आहेत यावर ते ठरले. म्हणून दोन्ही गटांची तुलना पूर्णतः निर्दोष मानता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे : नको असलेल्या वर्तनावर मोठ्याने ‘नाही’ म्हणणे आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणे हाही त्या उपचाराचा भाग होता. पुढे लोवास यांच्याच सहकाऱ्यांनी २००० साली अठ्ठावीस मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून पुन्हा प्रयोग केला. तेव्हा बुद्ध्यंकात लाभ दिसला, पण पूर्वीच्या मानाने बराच कमी, आणि दैनंदिन जीवनातील कौशल्यांत दोन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही. २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने अशा तीव्र उपचारांवरील सर्व अभ्यास चाळले, तेव्हा निकषांस उतरणारे केवळ पाच अभ्यास आणि २१९ मुले मिळाली. त्यांतही खऱ्या अर्थाने यादृच्छिक पद्धतीचा प्रयोग एकच होता, तो हाच २००० सालचा. काही लाभ होतो असे दिसते, मात्र पुरावा दुबळा आहे, असा निर्वाळा त्या परीक्षणाने दिला.

शिक्षेचा मार्ग कोठवर जाऊ शकतो याचेही उदाहरण अमेरिकेतच आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका निवासी संस्थेत स्वतःला इजा करणाऱ्या व्यक्तींच्या त्वचेला विजेचे धक्के देण्याची रीत अनेक वर्षे चालू राहिली. २०१३ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या छळविषयक विशेष प्रतिनिधींनी तिचा निषेध केला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली त्या यंत्रावर बंदी घातली, २०२१ साली न्यायालयाने ती रद्द केली, २०२२ साली संसदेने कायदा बदलून प्रशासनाला अधिकार दिला आणि २०२४ साली बंदीचा प्रस्ताव पुन्हा मांडण्यात आला. मूल काय सांगू पाहत आहे, हे विचारण्याआधीच त्याला गप्प करण्याची घाई झाली की असे घडते.

सुदैवाने वर्तनशास्त्राच्या आतूनच दुसरी वाट निघाली. १९८५ साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या संशोधकांनी दाखविले की, मुलाचे डोके आपटणे, ओरडणे, चावणे हे बहुधा निरर्थक नसते, त्यामागे काही हेतू असतो. कधी समोरचे काम कठीण असते आणि त्यातून सुटका हवी असते, तर कधी कोणी आपल्याकडे पाहावे अशी इच्छा असते. हेतू ओळखून मुलाला तीच गोष्ट मागण्याचा सोपा मार्ग शिकविला, ‘मदत करा’ हे दोन शब्द किंवा तशी खूण शिकविली, की आरडाओरडा कमी होतो. याच सुमारास डेलावेअर राज्यात अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रांच्या देवाणघेवाणीची पद्धत तयार केली. न बोलणारे मूल बिस्किटाचे चित्र उचलून आईच्या हातात देते आणि आई लगेच बिस्किट देते. या क्षुल्लक दिसणाऱ्या व्यवहारात मुलाला प्रथमच कळते की, दुसऱ्या माणसापाशी जाऊन काही मागता येते आणि ते मिळते.

आपल्या घरातील एक उदाहरण घेऊ. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होताच मूल जमिनीवर लोळण घेते आणि आजीला वाटते की पोर हट्टी आहे, लाडाने बिघडले आहे. चांगला वर्तनोपचारतज्ज्ञ प्रथम वही काढतो. लोळण्याआधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर घरच्यांनी काय केले, या तीन गोष्टी तो आठवडाभर लिहून ठेवावयास सांगतो. वहीतून शिट्टी हेच कारण आहे असे दिसले, तर उपाय बदलतो. शिट्टी होण्याआधी मुलाला सांगणे, कानावर हात ठेवण्यास शिकविणे, ‘बाहेर’ या अर्थाचे चित्र हाताशी ठेवणे, असे ते उपाय असतात. रागावणे येथे निरुपयोगी ठरते आणि मारणे तर घातकच. खरा वर्तनोपचार हा असा असतो, आणि त्याला टेबल-खुर्ची किंवा वातानुकूलित खोली लागतेच असे नाही.

मग चाळीस तासांचे काय? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८७ लहान मुलांना आठवड्याला पंधरा किंवा पंचवीस तास उपचार मिळाले. काहींना लोवास यांच्या परंपरेतील पद्धतीने, तर काहींना सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांनी विकसित केलेल्या, खेळातून शिकविण्याच्या पद्धतीने. वर्षअखेर तासांच्या कमीअधिकपणाने किंवा पद्धतीच्या भेदाने एकंदर फलितात फरक पडल्याचे दिसले नाही. २०२४ साली १४४ अभ्यास आणि नऊ हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणातही उपचारांचे तास वाढविल्याने लाभ वाढतो, असा संबंध आढळला नाही. याचा अर्थ उपचार निरुपयोगी आहेत असा नव्हे. ‘इतके तास भरले नाहीत तर मूल हातचे जाईल’ असे जे भय दाखविले जाते, त्याला आधार नाही, एवढाच याचा अर्थ. चाळीस तास म्हणजे कचेरीत नोकरी करणाऱ्या प्रौढ माणसाचा पूर्ण आठवडा होय. तीन वर्षांच्या बालकावर तो लादणे आम्हांस पटत नाही. त्यासाठी दागिने गहाण टाकणारे, भावंडांचे शिक्षण अडविणारे पालक तर दुहेरी नुकसान सोसतात.

या उपचारावर आणखी एका बाजूने टीका होते आणि तिची दखल घेणे अगत्याचे आहे. लहानपणी हे उपचार घेतलेले अनेक स्वमग्न प्रौढ आज स्वतः बोलू व लिहू लागले आहेत. हात हलविणे थांबव, डोळ्यांत डोळे घालून पाहा, गप्प बस, अशा आज्ञा पाळताना आपण केवळ ‘इतरांसारखे दिसणे’ शिकलो आणि आतून थकून गेलो, असे त्यांचे म्हणणे आहे. स्वतःचे वेगळेपण सतत झाकत राहणाऱ्या स्वमग्न प्रौढांत चिंता व नैराश्याचे प्रमाण अधिक आढळते, असे संशोधनही सांगते. दुसरीकडे, ज्यांचे मूल भरधाव रस्त्याकडे धावत सुटते, स्वतःचा हात चावून रक्तबंबाळ करते, ते पालक विचारतात की आमच्या लेकराला थांबावयास शिकविणे हाही अन्याय म्हणावा काय? आमच्या मते या वादाची उकल उपचाराच्या नावात नाही, ध्येयात आहे. रस्त्यावर थांबणे, शौचास जायचे आहे हे सांगणे, भूक व वेदना व्यक्त करणे, स्वतः कपडे घालणे ही मुलाच्या उपयोगाची ध्येये आहेत. आनंदात हात फडफडवणे बंद करणे हे मात्र पाहुण्यांच्या सोयीचे ध्येय आहे. थेरपी केंद्राने पुढील तीन महिन्यांची ध्येये लेखी द्यावीत असा आग्रह पालकांनी धरावा आणि प्रत्येक ध्येयापुढे ‘हे कोणासाठी?’ असे स्वतःस विचारून पाहावे. जे केंद्र आईवडिलांना दाराबाहेर बसवून ठेवते आणि आत काय चालते ते पाहू देत नाही, तेथे मूल ठेवू नये, असे आम्ही स्पष्टपणे म्हणू.

पालकच शिक्षक होऊ शकतात का? या प्रश्नाचे एक आशादायक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातून आले आहे. इंग्लंडमध्ये २०१० साली १५२ लहान मुलांवर एका उपचाराची चाचणी झाली होती. तो रूढ अर्थाने वर्तनोपचार नव्हता. त्यात तज्ज्ञ मुलाला शिकवीत नाही, पालकाला शिकवितो. आई मुलाबरोबर खेळते, त्याचे चित्रीकरण होते आणि मग ते दोघे मिळून पाहताना मुलाने केलेली पण आईच्या नजरेतून निसटलेली एखादी खूण, एखादी नजर दाखवून दिली जाते. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधकांसह हीच पद्धत आपल्या परिस्थितीला अनुरूप करून घेतली. विशेष म्हणजे घरोघरी जाणारे कार्यकर्ते डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. त्यांना या कामापुरते प्रशिक्षण देण्यात आले होते. दोन्ही ठिकाणची मिळून ६५ मुले या चाचणीत होती आणि निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले, मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. मात्र एकत्र लक्ष देण्याच्या वेळेत वाढ झाली नाही, उलट घट दिसली, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदविले. इंग्लंडमधील मुलांची सुमारे सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली तेव्हा लक्षणांतील सुधारणा टिकून असल्याचे आढळले. बारा बैठका आणि एक साधा कॅमेरा! चाळीस तासांच्या गणितापुढे हा हिशेब ठेवून पाहावा.

आपल्या देशात अशा मुलांची संख्या थोडी नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाच प्रदेशांतील पाहणीत, ज्यांत उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण शंभरामागे सुमारे एक किंवा किंचित अधिक आढळले. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आणि त्यानंतर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती उणीव भरून काढली. न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून नियमित थेरपीच्या खर्चासाठीही त्यात तरतूद आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील तपासणीत स्वमग्नतेचा समावेश आहे आणि पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. खाजगी केंद्रात जाताना तेथील विशेष शिक्षक व वाचोपचारतज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले आहेत का, हे नोंदणी क्रमांकासह विचारण्यात संकोच कसला? वर्तन विश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन मंडळाने २०२३ पासून भारतासारख्या देशांतील नवे अर्ज स्वीकारणे थांबविले आहे. तेव्हा भिंतीवरील परदेशी प्रमाणपत्र नीट वाचावे.

हताश माणसाला लुबाडणे सोपे असते. मूळ पेशींचे इंजेक्शन देऊन स्वमग्नता बरी करू, असे सांगणारी रुग्णालये आपल्या महानगरांतही आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ साली अशा उपचाराची शिफारस करता येत नाही असे सांगितले. अमेरिकेत फ्लोरिडा येथे स्वतःला ‘चर्च’ म्हणविणाऱ्या एका कुटुंबाने कपडे शुभ्र करण्याच्या रसायनाच्या जातीचे द्रव्य ‘संस्कार’ म्हणून विकले आणि त्याने स्वमग्नताही बरी होते असा दावा केला. २०२३ साली न्यायालयाने त्यांना तुरुंगात धाडले. देवाचे नाव घेऊन कोणी असे मूल ‘सोडविण्यास’ आला, त्याच्या अंगात काही शिरले आहे असे म्हणू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

आता आपल्या चर्चमधील बाकांविषयी. मिस्साच्या वेळी एखादे मूल कान झाकून गुणगुणते, मध्येच उठून धावते, आणि पुढच्या रांगेतील माना मागे वळतात. पुढच्या रविवारी ते कुटुंब येत नाही. अशा घरांना वर्तनशास्त्राची तीच पायरीची रीत येथेही उपयोगी पडते : प्रथम रिकाम्या चर्चमध्ये एक फेरी, मग दाराजवळच्या बाकावर पाच मिनिटे, मग प्रवचनापर्यंत, आणि गजर व फटाके असतील त्या सणाच्या दिवशी घरीच राहण्याची मोकळीक. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीतही तेच. पुष्कळ स्वमग्न मुलांना अनोळखी चव वा स्पर्श जिभेवर सहन होत नाही, म्हणून अर्पण न केलेल्या भाकरीचा लहानसा कण घेऊन घरी कित्येक आठवडे सराव करावा लागतो. कणभर भाकरीतही किंवा केवळ द्राक्षारसाच्या रूपातही ख्रिस्त पूर्णत्वाने उपस्थित असतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण अशा वेळी मोठा आधार ठरते. २०२० साली रोमहून प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण मार्गदर्शिकेच्या २७२ व्या परिच्छेदात दिव्यांग व्यक्तींना संस्कार नाकारता येणार नाहीत, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा ‘त्याला काय समजणार?’ या उत्तरावर कोणी पालकांनी परत फिरू नये. धर्मशिक्षणाच्या वर्गात नाव घालतानाच फादरांशी व शिक्षिकेशी बोलावे, मुलाला काय आवडते आणि कशाची भीती वाटते हे एका कागदावर लिहून द्यावे, आणि तयारीसाठी इतर मुलांपेक्षा सहा महिने, प्रसंगी वर्षभर, अधिक मागून घ्यावे.